आईने धुतलेल्या खुर्च्या

आमच्या घरात बसायला म्हणून काही नव्हतंच. वसईच्या पाचूबंदरला दोन छोट्या खोल्या, खाली जमीन, कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग. पाहुणा आला की त्याला ढिगावर बसवायचं. ढीग मऊ असायचा, त्यामुळे पाहुणा खूशही व्हायचा आणि उठताना त्याच्या पँटला खवले चिकटलेले असायचे. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की वडिलांचं काम बंद, मग घर चालायचं ते आईच्या पाटीवर. ती सुके बोंबील आणि जवळा घेऊन भुईगावच्या आळ्यांमधून फिरायची. संध्याकाळी परत आली की भिंतीला पाठ लावून जमिनीवर पाय पसरायची आणि मला म्हणायची, "पाय दाब गो, बाये." मी दाबायचे. तिच्या पोटऱ्या दगडासारख्या लागायच्या.

लहानपणी माझा कान फुटायचा. वसईत एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे जायचो. जायच्या आधी आई आंघोळ करायची, हातांना लिंबू चोळायची, धुतलेलं लुगडं नेसायची. मला वाटायचं, डॉक्टरकडे जाणं म्हणजे लग्नाला जाण्यासारखंच काहीतरी आहे. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत कापडी सोफा होता, मोरपंखी रंगाचा. एकदा आम्ही त्यावर बसलो होतो. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला आणि आपल्या मुलाला ओढून पलीकडे घेतलं. कंपाउंडर आला. तो वाईट माणूस नव्हता, हळू आवाजातच बोलला.

"मावशी, तुम्ही बाहेर पायरीवर बसता का? सोफा कापडाचा आहे. वास धरतो."

आई लगेच उठली. "बराबर हाय," म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस. तू नाय मासली विकत."

मी बसून राहिले. आई पायरीवर. आमचा नंबर आला तेव्हा ती आत आली आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली. त्यांनी स्टूल दाखवलं, तरी उभीच.

त्यानंतर आई कुठल्याही वाट बघायच्या खोलीत बसली नाही. बँकेत नाही, शाळेच्या ऑफिसात नाही, एसटी स्टँडच्या बाकावरसुद्धा नाही. भुईगावात तिची नेहमीची गिऱ्हाइकं होती, त्यातल्या कितीतरी बायका ओट्यावर खुर्ची टाकायच्या, "बस गं जरा, पाणी पी" म्हणायच्या. आई पाणी प्यायची, पण बसायची ओट्याच्या फरशीवर. "फरशी धुता येते," असं तिचं म्हणणं. मला कॉलेजात घातलं तेव्हा प्रवेशाच्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. रांग लांब होती. शिपायाने बाक दाखवला, "बसा की काकू." आई म्हणाली, "मी बरी हाय." अख्खी सकाळ उभी.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि हे मी सांगते कारण ते सांगण्यासारखं आहे. वडिलांनी निकालाच्या दिवशी बोटीवर सगळ्यांना पेढे वाटले. एक खलाशी म्हणाला, "आता हिशेब चुकला की पोरगीच धरेल आपल्याला." आईने मात्र कोणाला काही सांगितलं नाही. तिने माझा पदवी घेतानाचा फोटो काचेत बसवून आणला आणि जाळ्यांच्या वर, जिथे ओल लागत नाही तिथे, टांगला.

नोकरी लागली ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात. दवाखाना पहिल्या मजल्यावर, डॉक्टर एक बाई. वय असेल आईच्याच आसपास. कमी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाहेरची खोली दाखवली. "आतलं माझं, बाहेरचं तुझं. नंबर, फोन, बिलं आणि ही बसायची जागा. पेशंटला माझ्यापेक्षा जास्त वेळ ही खोली दिसते."

खोलीत एकाला एक जोडलेल्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. मरून रेक्झिन, आत स्पंज. लांबून बऱ्या दिसायच्या. जवळ गेलं की कळायचं. जिथे डोकं टेकतं तिथे तेलाचे काळपट गोल. खुर्चीच्या हातांच्या टोकाला चिकटपणा, कारण डोळ्यात थेंब घातलेला माणूस डोळा पुसतो आणि तोच हात खुर्चीवर ठेवतो. बैठकीच्या खाली च्युइंगम. शिवणी उसवलेल्या. सफाईला येणारी ताई फरशी पुसायची आणि त्याच फडक्याने खुर्च्यांवरूनही हात फिरवायची.

मी म्हटलं, "ताई, फरशीचं फडकं वेगळं, खुर्चीचं वेगळं."

"अगं, एवढी वर्षं एकच होतं. कोण मेलं का?"

"मेलं नाही. पण डोळे आले असतील."

ताई हसली. तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खुर्च्यांसाठी निळं फडकं आलं. डोळे आलेल्यांची रांग मी खिडकीजवळ वेगळी केली. तिथला माणूस उठला की खुर्चीचे हात औषधाने पुसायचे, मगच दुसऱ्याला बसवायचं. काही लोकांना राग यायचा. "मला काय रोग झालाय का?" मी म्हणायचे, "काका, झालाय, म्हणूनच तर आलात." मॅडमनी आतून हे ऐकलं असावं. त्या दिवशी बाहेर येऊन त्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून बोट फिरवून गेल्या. मला ते शाबासकीसारखं वाटलं.

मग आईच्या डोळ्यांचं सुरू झालं.

आधी ती बोंबील आणि मांदेली हाताने चाचपून वेगळे करायला लागली. मग कोयत्याने दोनदा बोट कापून घेतलं. भुईगावच्या गल्लीत एकदा समोरून सायकल आली ती दिसलीच नाही, पाटी रस्त्यावर पडली. घरी येऊन ती म्हणाली, "उजेड कमी झालाय आताशा." दुपारी बारा वाजताची गोष्ट ही.

मी टॉर्च लावून तिचे डोळे बघितले. रोज दिवसभर पेशंट बघत होते, त्यामुळे बाहुलीतला पांढुरका रंग मलासुद्धा कळला. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पिकलेला.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"मी नाय येत."

"का?"

"तिथं तू बसतेस टेबलावर. लोक काय म्हनतील? हिची आई बघा."

"म्हणू दे."

"तू म्हन 'म्हनू दे'. खुर्चीला वास लागला न् कोनी मॅडमला सांगितलं, तर? एवढी शिकलीस, ती माझ्या वासापायी घरी बसशील."

वडिलांनीही समजावलं. आई म्हणाली, "ठीक हाय, येते. पन मी उभी राहीन." आता हे मात्र शक्य नव्हतं. डोळे तपासायच्या आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. मग तासभर डोळे मिटून बसावं लागतं. दिसत काही नाही, उजेड टोचतो, माणूस भिंत धरून चालतो. त्या अवस्थेत आईला उभं कसं ठेवणार? हे मी तिला सांगितलं. आणि मग पुढचे कितीतरी आठवडे तिने तो विषय टाळला. मी विषय काढला की ती मासळी आवरायला जायची. मला रात्री झोप लागेना. ती आंधळी होणार होती, आणि कारण काय, तर खुर्ची.

शेवटी एका शनिवारी तीच म्हणाली, "तुमचा दवाखाना रविवारी बंद असतो ना? मना एकदा खुर्च्या बघायच्यात."

रविवारी मी आणि ताई महिन्याची मोठी सफाई करायचो. मॅडमची परवानगी होतीच. मी आईला घेऊन गेले. तिने प्रत्येक खुर्चीवर हात फिरवला, तोच नाकाशी नेला, आणि म्हणाली, "ह्या तर आधीच वास मारतात गो. मीच माझ्या वासाचं काय घेऊन बसली?" ताई जोरात हसली. मलाही हसू आलं. आईने पदर खोचला. "मी एकदा माझ्या हातान् धुते. मग मी बसली तर कोनी बोलायचं नाय."

मला वाटलं, फडक्याने पुसेल. मी आत चष्म्यांच्या खोलीत काचा पुसायला गेले.

आता बोट कशी धुतात ते सांगायला हवं. मासळी उतरली की बादल्यांनी पाणी मारायचं, नारळाच्या किशीने, म्हणजे सोडणाच्या काथ्याने, फळ्या घासायच्या, परत पाणी मारायचं, वाहून जाईपर्यंत मारायचं. बोटीवर पाणी थांबत नाही, ते परत समुद्रात जातं. आमच्याकडे धुणं म्हणजे हेच. पाटी, विळी, फरशी, पोरं, सगळी अशीच धुतात.

मी बाहेर आले तेव्हा जिन्यावरून पाणी खाली चाललं होतं. ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "मी सांगितलं नाही असं म्हणू नकोस हं. मी सांगितलं. ऐकतं कोण?"

आई घामाघूम झालेली. हातात किशी. कुठून आणली तेही मला कळलं नाही, पिशवीत घालून आणली असणार. "बघ," ती म्हणाली, "कशा लख्ख झाल्या."

खरंच लख्ख झाल्या होत्या. तेलाचे गोल गेले होते. मरून रंग एवढा ताजा मी कधी बघितला नव्हता. आम्ही पाणी काढलं, रेक्झिन कोरडं पुसलं, खिडक्या उघड्या ठेवल्या. दुपारपर्यंत खुर्च्या हाताला सुक्या लागल्या. आई जिना उतरताना म्हणाली, "उद्या दहा वाजता येते. नाव लाव माझं." मला एवढा आनंद झाला होता की तिने धुतलेल्या खुर्च्यांवर परत हात दाबून बघायचं मला सुचलंच नाही. ताईलाही नाही.

सोमवारी सकाळी पहिले आले ते आगाशीचे एक निवृत्त मास्तर. फिकट रंगाची इस्त्रीची पँट, हातात छत्री, नेहमीचे पेशंट. ते बसले. थोडा वेळ त्यांना काही कळलं नसावं. मग ते हळूच उठले, मागे हात नेला, आणि माझ्याकडे आले.

"अहो, मी या वयात असं काही करत नाही. पण बघा."

पँट मागून पूर्ण ओली. मी धावत गेले, बैठक दाबली. रेक्झिन वरून कोरडं, पण दाबताच उसवलेल्या शिवणीतून पाणी आलं. दुसरी दाबली, तीच गत. सगळ्या. स्पंजाने आईच्या बादल्या पिऊन ठेवल्या होत्या.

तोवर बाकीचेही येऊन बसायला लागले होते, मी सगळ्यांना उठवलं. खोली भरलेली, आणि प्रत्येक जण भिंतीला टेकून उभा. कोणी चिडलेलं, कोणी हसत. मास्तर खिडकीत उन्हाकडे पाठ करून पँट वाळवत होते. तेवढ्यात आई दारात आली. नवं हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात रुमाल. तिला नीट दिसत नव्हतं, पण माणसं उभी आहेत एवढं कळलं.

"सगलीच उभी?" ती म्हणाली. "मग बरं झालं. मी पन उभी राहाते."

माझा जीव अर्धा झाला होता, तरी मला हसू फुटलं.

मॅडम बाहेर आल्या. काय झालं ते त्यांनी नुसतं बघून ओळखलं. खाली वाकून त्यांनी एका बैठकीवर तळहात दाबला. पाणी त्यांच्या बोटांमधून आलं, आणि ते पाणी काळं होतं. शाईसारखं. त्यांनी हात नाकाजवळ नेला आणि लगेच लांब केला.

"हे पाणी कालचं," त्या म्हणाल्या, "पण ही घाण कालची नाही."

मी म्हटलं, "नाही मॅडम. शिवणीतून आत गेलेली असणार. वर्षानुवर्षांची. आपण वरून पुसत होतो."

"आणि पाणी कोणी ओतलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढे आली. भिंतीला हात लावत, अंदाजाने. "मॅडम, पोरीची चूक नाय. ती आत होती. पानी मी ओतलं."

"तुम्ही कोण?"

खोलीत वीसेक माणसं होती, सगळी ऐकत होती. "मी हिची आई," ती म्हणाली. "पाचूबंदरची. मासली विकते."

कित्येक वर्षं जे वाक्य लोकांत बोलायचं तिने टाळलं होतं, ते ती माझी नोकरी वाचवायला बोलली. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते.

मॅडमनी रुमालाला हात पुसले. "ओतलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी लोकांना अजून किती वर्षं यावर बसवलं असतं देव जाणे." मग माझ्याकडे वळून, "खाली मांडववाल्याकडून खुर्च्या मागव. आणि आईंचं नाव लावलंयस ना? त्यांना थेंब घाल."

मांडववाल्याने प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर पाठवल्या. ताईने निळं फडकं घेऊन एकेक पुसली. मी आईची मान मागे करून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब तिच्या गालावर पडला.

"नीट घाल गो. औशध वाया जाते."

"आता बसायचं," मी म्हटलं. "तासभर डोळे मिटून."

ती तिथेच उभी. डोळे घट्ट मिटलेले, हात लुगड्याच्या निऱ्यांवर. मी तिचा दंड धरला, ती हलेना. मी कानात म्हटलं, "आई, या प्लॅस्टिकच्या आहेत. धुता येतात." तरी हलेना.

तेव्हा आगाशीचे मास्तर बोलले. "मावशी, माझ्या शेजारी जागा आहे. या बसा. तुमच्या पाण्याने मी सकाळपासून भिजलोय, आता मला तुमच्याकडून आणखी काय होणार?"

खोली हसली. आईही हसली, डोळे मिटूनच. "तुमीच बसलावता होय? जास्त भिजलाव?"

"जास्त म्हणजे, घरी जाऊन बायकोला काय सांगू ते ठरवतोय."

"सांगा, बोटीवर गेलतो."

आणि ती बसली. आधी खुर्चीच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीत. पाय जमिनीवर दाबून. मास्तरांनी विचारलं, "सध्या बोंबील कसे आहेत?" आई म्हणाली, "आज नाय आनले. आज मी पेशंट." मग त्यांच्या बायकोला कुठली मासळी आवडते, आगाशीच्या बाजारात कोण फसवतं, वांब कशी करायची, असं काय काय चाललं. मी टेबलावरून नंबर पुकारत होते आणि मधून मधून बघत होते. हळूहळू तिची पाठ मागे टेकली. कधी टेकली ते तिलाही कळलं नसेल. नंबर आला तेव्हा मला तिला दोनदा हाक मारावी लागली.

मॅडमनी तपासलं, सांगितलं, उजवा आधी, डावा नंतर. आईने विचारलं, "परत इथंच बसायचं ना, बाहेर?" मॅडम म्हणाल्या, "इथंच." त्या दिवसानंतर ती जेवढ्या वेळा आली, तेवढ्या वेळा स्वतः जाऊन बसली. एकदा तर तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने नाक मुरडलं, मी ते बघितलं आणि उठणार होते. आई तिला म्हणाली, "वास येते ना? सकाळी पापलेट होती. चांगली होती गो, तू असतीस तर दिली असती." मुलगी ओशाळली. मी बसूनच राहिले.

स्पंजाच्या खुर्च्या भंगारवाला घेऊन गेला. त्यांच्या जागी मॅडमनी स्टीलच्या, भोकं असलेल्या खुर्च्या आणल्या. त्या निवडायला मला बरोबर नेलं होतं. दुकानदार मऊ गादीच्या दाखवत होता, "मॅडम, पेशंटला आराम पडेल." मी म्हटलं, "पाणी ओतून दाखवा." तो म्हणाला, "असं कोणी करत नाही हो." मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे करतात." स्टील थोडं गार लागतं, म्हाताऱ्या माणसांची तक्रार असते. ती बरोबर आहे. त्यांच्यासाठी मी सुती आसनं शिवून घेतली, रोज संध्याकाळी ती बदलतात आणि उकळत्या पाण्यात धुतात. डोळे आलेल्यांची रांग अजून खिडकीजवळच आहे. ताई आता नवीन आलेल्या मुलीला फडक्यांचे रंग शिकवते आणि म्हणते, "डोळे येतात गं, एकच फडकं वापरलं की." जणू तिनेच शोधून काढलं.

आईचा उजवा डोळा आधी झाला, मग पावसाळा लागायच्या आत डावा. दोन्ही ऑपरेशनं चांगली झाली. ती परत भुईगावला जाते, बोंबील आणि मांदेली नजरेने वेगळे करते. आईला नीट दिसतं.